आकाशाचा सवाल आणि पहिलं माप

एका राज्यात सूर्य कलला की लोक आपापली नावं गिळून बसत. दारं लागत, धुराडी ओल्या गोणपाटानं बुजवली जात, आणि कुणी कुणाला नावानं हाक मारीत नसे. थोरला, मधला, धाकटी, अहो, अगं, एवढ्यावर सगळी रात्र निभावायची. बायका नवऱ्याचं नाव एरवीही घेत नव्हत्या, त्यामुळे त्यांना ते विशेष जड गेलं नाही. पुरुषांची मात्र पंचाईत होई.

एका संध्याकाळी एक तेली शेजारच्या कुंभाराला सवयीनं बोलून गेला, "रायाप्पा, विस्तव आहे का रे?" संपलं. हाक वर ऐकली गेली. रायाप्पाच्या धुराड्यातून थंड, सावकाश आवाज उतरला, "रायाप्पा, तू कशाला?"

उत्तराला तीन संध्याकाळींची मुदत असे. पहिल्या संध्याकाळी रायाप्पा घोंगडीत शिरला. दुसऱ्या संध्याकाळी छाती काढून म्हणाला, "माझ्या मडक्यांचं नाव परमुलखात आहे!" वरून पुन्हा तोच सवाल उतरला. तिसऱ्या दिवशी तो सकाळपासून स्वतःशीच पुटपुटत होता, "खरंच, कशाला?" दिवेलागणीला त्याचा जबडा खाली पडला, तोंडातून उजेड निघाला आणि धुराड्यातून वर गेला. रायाप्पा उठला, बायकोच्या अंगावरून चालत गेला आणि राज्याच्या सीमेवरच्या माळावर, त्याच्याआधी गेलेल्यांच्या शेजारी, आभाळाकडे तोंड करून बसला. त्या माळाला लोक उताण्यांचा माळ म्हणत. तिथं बसलेल्यांच्या उघड्या तोंडांत दव साचे. ते गिळत नसत.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. राजा दुर्जयानं दाही दिशा जिंकल्या आणि एका रात्री जेवून उठल्यावर त्याला वाटलं, एवढं केलं ते कशाला? धंद्यात बरकत आलेल्या कुणालाही हे अधूनमधून वाटतंच. शेजारच्या दुकानात जाऊन बसावं, चार गप्पा माराव्या, जातं ते. पण राजाला शेजारचं दुकान नसतं. त्यानं मांत्रिक कृष्णदंताला बोलावलं.

"मला ठाऊक नाही, महाराज," मांत्रिक म्हणाला. "वर विचारतो."

त्यानं तो सवाल मुठीत धरून आकाशात फेकला. सवाल वर अडकला आणि दुसऱ्या संध्याकाळी आकाशानं पहिल्यांदा दुर्जयालाच विचारलं. राजा उताणा झाला. त्याच्या तोंडातला उजेड पृथ्वीच्या कडेला कृष्णदंताच्या काळ्या खळ्यावर जाऊन पडला. मांत्रिकानं तो उचलून पाहिला. माल चोख होता. तेव्हापासून त्यानं तोच धंदा धरला. माणसं विझत, उजेड खळ्यावर साचे. रोज दिवेलागणीला तो फावड्यानं ती रास आभाळात कशीही उधळी आणि पहाटे सगळं परत गोळा होई. म्हणून त्या राज्यात एका रात्रीचं आकाश दुसऱ्या रात्रीसारखं नसे. वाटसरूला वर बघून दिशा कळत नसे, आणि ज्याला आपलं माणूस वर गेलंय हे ठाऊक होतं, त्याला ते कुठे शोधावं हेही कळत नसे.

दुर्जयानंतर त्याचा मुलगा भद्रसेन गादीवर बसला. त्याची राणी चित्रावती आणि थोरली बहीण मंदाकिनी. मंदाकिनी नवरा वारल्यावर माहेरी आली होती. जिभेनं तिखट, हातानं सढळ. सुगीला राज्यातल्या पहिल्या खळ्यावर पहिलं माप राजघराण्यातल्या लेकीनं ओतायचं अशी रीत होती आणि ते काम तिचं असे. भरल्या मापावर हात ठेवून ती 'एक' न म्हणता मोठ्यानं म्हणे, "लाभ!" मग पुढची माणसं दोन, तीन मोजत. धान्याला हात लावलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

भद्रसेनाला मुलगा झाला. बारसं अर्थातच नाही; नावच नसलं तर वरून हाक येणार नाही, असा हिशेब. मंदाकिनी पाळण्याशी जाई आणि म्हणे, "आत्या आहे मी तुझी. एवढं एक काम माझं, तेही होऊ देत नाहीत."

पण चित्रावतीला राहवेना. एकदा तिन्हीसांजेला बाळाला थोपटताना ती त्याच्या टाळूला ओठ लावून हलकेच म्हणाली, "माझा हेमांग."

धुराड्यावरचं गोणपाट आपोआप सुकून गळून पडलं.

"हेमांगा, तू कशाला?"

बाळानं हुंकार दिला. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

भद्रसेन खांबाला टेकून म्हणाला, "ताई, हा तीन महिन्यांनीही उत्तर देऊ शकणार नाही. तीन संध्याकाळींत काय देणार?"

"तो नाही देणार," मंदाकिनी म्हणाली. "तू रडू नकोस. तुझं पाहून तोही रडेल."

पहाट फुटायच्या आत ती निघाली. वेशीवरच्या वडावर एक पिंगळा बसला होता. मूठभर पक्षी, पण डोळे दिव्यासारखे.

"आत्याबाई, कुठे?"

"कृष्णदंताच्या खळ्यावर."

"मग तीन कामं ऐका. नाव सोडून जा. डोकं उघडं टाकून जा. आणि तिथली रास मोजून या. त्या राशीचं माप जो पुरं करील, रास त्याची."

"आजवर कुणी पुरं केलं नाही?"

"गेले पुष्कळ. सगळे राशीत आहेत."

"नाव सोडायचं म्हणजे?"

"मला द्यायचं. परत मिळेलच असा भरवसा मी देत नाही."

"घासाघीस?"

"नाही."

तिनं आपलं नाव उच्चारलं आणि पिंगळ्यानं ते किडा गिळावा तसं गिळलं. त्या क्षणापासून तिला ते आठवेना. आईनं मारलेल्या हाका आठवत होत्या, पण हाकेच्या जागी भोक पडलं होतं. आता ती नुसती आत्या उरली.

दिवसभर चालून संध्याकाळी ती माळावर पोचली. राजवाड्यात त्याच वेळी तोच सवाल दुसऱ्यांदा उतरत होता, हे तिला ठाऊक होतं. तिनं डोक्यावरचा पदर काढला, मान वर केली आणि उताण्यांमधून चालू लागली. पायाला कुणाची बोटं लागत, थंड, चिखलासारखी मऊ. मधोमध एका म्हाताऱ्यानं तिचं लुगडं धरलं. तो दुर्जय होता, तिचा बाप. डोळ्यांत बुबुळं नव्हती, आभाळच होतं. तो म्हणाला, "कशाला?" आणि मग माळावरची सगळी तोंडं तिच्याकडे वळली आणि एकसाथ म्हणाली, "कशाला? कशाला? कशाला?"

खरंच कशाला, हे शब्द तिच्याही जिभेवर आले. तिनं जीभ चावली.

आकाश खाली वाकलं. इतकं, की तिच्या केसांना त्याचा गारवा लागला.

"कोण तू? तुला नाव नाही."

"आत्या."

"कुणाची?"

"ज्याचं बारसं राहिलंय त्याची."

"तू कशाला?"

"त्याच्या कानात कुर्र करायला."

आकाश जरा मागं सरलं. त्याला आजवर कीर्ती सांगितली होती, वंश सांगितला होता, पुण्य सांगितलं होतं. कुर्र कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात आत्यानं बापाची बोटं एकेक करून सोडवली, त्याच्या तोंडातलं दव पदरानं टिपलं आणि माळ ओलांडला.

तिसऱ्या दिवशी सूर्य कलताना ती पृथ्वीच्या कडेला पोचली. तिथं काळं खळं होतं, खळ्यावर उजेडाची रास होती आणि राशीवर कृष्णदंत बसला होता. त्याला सावली नव्हती आणि दात कोळशाचे होते.

"मापाला आलीस?"

"आले."

"सूर्य बुडायच्या आत मोज. मोजताना चुकलीस की तू राशीत."

त्यानं माप म्हणून कवटी पुढं केली. आत्यानं ती पदरानं पुसली, कारण घाणेरड्या मापानं मोजायची तिला सवय नव्हती. राशीत हात घातला. उजेड गारांसारखा थंड होता आणि प्रत्येक कण एकटा थरथरत होता, शेजारच्याला न चिकटता. कवटी भरली. तिनं वर हात ठेवला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं तोंडातून निघालं,

"लाभ!"

कृष्णदंत टाळ्या पिटत उठला. "चुकलीस! पहिलं माप एक!"

"तुमच्याकडे असेल."

"सगळीकडे एकच! मी प्रत्येकाला एकेकटा उचललाय. एक, एक, एक, असंच मोजलंय. चल, आत ये." त्याचा हात तिच्या जबड्याकडे आला आणि जबडा आपोआप उघडू लागला.

उघडत्या तोंडानंच ती म्हणाली, "एक म्हटलं की ते माप एकटं पडतं, बाबा. लाभ म्हटलं की ते पुढच्याची वाट बघतं. म्हणून तर रास होते. मोजणारा तू, आणि तुला खळ्यावरची एवढी गोष्ट ठाऊक नाही?"

कवटीतला उजेड हलला. त्यात शेतकरी होते, हमाल होते, सुगीला खळ्यावर उभी राहिलेली माणसं होती. हा शब्द त्यांनी दरवर्षी ऐकला होता. एक कण दुसऱ्याला चिकटला. दुसरा तिसऱ्याला. सबंध खळं गुणगुणू लागलं, "लाभ, लाभ," आणि ज्याचं त्याला आपलं माणूस सापडू लागलं. धनगर धनगरांत गेले आणि त्यांची रास मेंढ्यासारखी उभी राहिली. नांगरे बैलाच्या आकारात जमले, कोळी माशांच्या. तराजू धरणारे तराजूच्या आकारात जमले. ती रास आम्हा व्यापाऱ्यांची, आणि तिची दोन्ही पारडी बरोबर आहेत, हे कुणीही वर बघून तपासावं. आता मोजायला उरलंच काय! ढीग ढिगाला लागून उभे होते. आत्यानं एकेका राशीवर हात ठेवत माप पुरं केलं.

तिचा जबडा मिटला. कृष्णदंताचा हात तसाच हवेत राहिला, कारण आकाश आता त्याच्याशी बोलत होतं.

"कृष्णदंता, तू कशाला?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. कोणत्याही राशीत त्याच्यापुरती जागा नव्हती. त्याचं तोंड उघडलं, पण त्यातून उजेड निघाला नाही. आत नव्हताच. तो अजून तिथं बसलेला आहे म्हणतात. खरंखोटं बघायला मी गेलो नाही आणि तुम्हीही जाऊ नका.

राशी वर निघाल्या. पण जाता जाता प्रत्येक कण मधोमध फुटला. अर्धा वर जाऊन आपल्या राशीत पक्का बसला, अर्धा खाली ज्याच्या त्याच्या तोंडात पडला. माळावर राजा दुर्जयानं दव गिळलं आणि पहिला शब्द काढला, "भूक." रायाप्पा कुंभार उठून विस्तव द्यायला तेल्याच्या घरी निघाला, कारण मागितलेला द्यायचा राहिला होता.

इकडे सूर्य बुडत होता. पिंगळा खळ्यावर उतरला. "बसा पाठीवर."

"तू एवढासा."

"ज्याला नाव नाही त्याला वजन नसतं."

ते उडाले. पण गिळलेलं नाव पिंगळ्याच्या गळ्यात अडकलं होतं. आभाळाच्या ऐन मध्यावर त्याला ठसका लागला, नाव बाहेर सांडलं आणि दुधासारखं या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. ते परत गोळा करायला वेळ नव्हता. आजही लोक त्या पांढुरक्या पट्ट्याला मंदाकिनी म्हणतात. कुणाचं नाव, हे पुष्कळांना माहीत नसतं.

राजवाड्यात चित्रावतीनं धुराड्याखाली स्वतःला आडवं घातलं होतं. बाळाचा जबडा हळूहळू उघडत होता.

"हेमांगा..." वरून आलं. राशी जागच्या जागी बसल्या होत्या, पण दुर्जयाचा अडकलेला सवाल अजून सुटला नव्हता. "हेमांगा, तू..."

आत्या खिडकीतून आत आली, पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्र! हेमांग!"

बाळानं तोंड मिटलं. मग आत्यानं कमरेवर हात ठेवून धुराड्यात तोंड घातलं.

"आता विचार. पण आत्ता कुठे बारसं झालंय त्याचं. तो कशाला, ते त्याला मोठा होऊन ठरवू दे. आम्ही आहोत तोवर."

धुराड्यातून काजळीचा एक कण खाली आला. दुर्जयाचा सवाल सुटला होता. आणि मग आकाशानं, जरा चाचरत, नवंच काही विचारलं.

"बरं... रास कोणती?"

आत्यानं बाळाकडे पाहिलं. त्यानं दोन्ही मुठींत आईचा पदर असा धरला होता की सुटता सुटेना.

"खेकडा," ती म्हणाली. "बघ की, पकड सोडत नाही."

त्या रात्री धुराडी उघडी राहिली. लोक अंगणात आले, भीत भीत वर बघू लागले, आणि एकेकाचं बोट कुठे ना कुठे थांबू लागलं. त्यातूनच पुढं जोशी आले, पंचांगं आली, भाकितं आली. त्यांतलं किती खरं ठरतं, ते ज्याचं त्यानं पारखून घ्यावं. पण अनोळखी गावात, परक्या ओसरीवर कुणी पाणी पुढं करून विचारलं, "आपली रास कोणती हो?" तर चिडू नये, सांगावं. तो माणूस आकाशाचं विचारत नसतो. तुम्ही कोणत्या ढिगातले, एवढंच त्याला हवं असतं, म्हणजे तुम्हाला एकटं मोजावं लागत नाही.