ग्रीस किती घालायचं

“मग माझं चुकलं कुठं?”

मोरेश्वरने हे विचारलं तेव्हा मी उंबऱ्याजवळ वाती वळत बसले होते, आणि माझं मौन होतं.

नवसाचं मौन. आमच्या कोळशाच्या खाणीत हवा खेळवणारा पंखा एका दुपारी अचानक थांबला, तेव्हा मी महाकालीला बोलले होते, आमचे हे धडपणे वर येऊ देत, मी दर शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही.

त्या पंख्याची घरघर वसाहतीत कायमची. ती चालू असते तेव्हा कुणाच्या ध्यानातही येत नाही. थांबते तेव्हाच कळतं की ती होती. त्या दुपारी आम्ही सगळ्या बायका हातातलं टाकून खाणीच्या तोंडाशी धावलो.

हे वर आले. मोरेश्वरचा धाकटा भाऊ प्रभाकर आला नाही. तो सगळ्यात लांबच्या बोगद्यात होता. हवा सरली, वायू साचला. निघाला होता तो, पण चालता चालता भिंतीला टेकून बसला... तो बसलाच.

त्याची आई माझ्या शेजारीच उभी होती. पदर तिनेही पसरला होता.

यावर मी फार विचार करत नाही. करू लागले की देवापुढे हात जोडले जात नाहीत.

पंखा सांभाळायचं काम मोरेश्वरचं. त्याला ते शिकवलं माझ्या सासऱ्यांनी, लटारी मिस्त्रींनी. मी त्यांना मामाजी म्हणते. आता त्यांना फारसं दिसत नाही. ओसरीवरच्या खाटेवर बसून असतात. त्यांच्यापुढे मोरेश्वर उकिडवा बसला होता, पुढ्यात पिशवी घेऊन.

“बोला ना बुवा. माझं चुकलं कुठं?”

मामाजींनी त्याच्या आवाजाकडे मान वळवली.

“तुमच्या वेळी पंखा चालू केला की पट्टे मांजरीवानी ओरडत. सारी कॉलनी हसायची. म्हणायची, लटारी मिस्त्रीचं मांजर उठलं. माझ्या हाती आल्यापासून तो आवाज ऐकला काय कोणी? मी पट्टे असे ताणले, बोटानं दाबले तरी दबत नव्हते.”

“दबत नव्हते?”

“दगडावानी.”

“हं...”

“बेअरिंगवर हात ठेवल्याबिगर मी कधी घरी नाही गेलो. जरासं गरम लागलं की ग्रीस. पुन्हा गरम, पुन्हा ग्रीस. बाहेर ओघळेपर्यंत. साहेब म्हणत, मोरेश्वर, मशीनला तूप पाजतोस की काय. प्रभाकर हसायचा. म्हणे, दादाचा पंखा आहे तोवर मले मरण नाही...”

“बेअरिंग जाम कसं झालं?” मामाजींनी विचारलं.

“जळून. आतल्या गोळ्या निळ्या पडल्या होत्या.”

“हं.”

मोरेश्वरने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं नवं बेअरिंग काढलं आणि मामाजींच्या मांडीवर ठेवलं.

“उद्या हे बसवायचं आहे. पंखा चालला की परवाची पाळी खाली जाईल. तुम्ही बसवा बुवा. मी धरून नेतो तुमाले. मी आता हात नाही लावणार त्याले. कधीच नाही.”

माझ्या हातातली वात तुटली.

परवाच्या पाळीत आमचे हे होते. मामाजींचे हात चहाची बशी धरतानाही थरथरतात. सध्या तात्पुरता छोटा पंखा लावून ठेवला होता, पण त्याच्या भरवशावर माणसं खाली जात नाहीत. साहेब बाहेरून कुणाला तरी आणतील. तो बसवून निघून जाईल. मग रोज त्या बेअरिंगवर हात कोण ठेवणार?

मोरेश्वरभाऊ, असं नका करू, असं ओठांपर्यंत आलं. पण तो दिवस शुक्रवार होता. आणि खरं सांगायचं तर, जिचा नवरा वर आला तिने ते कुठल्या तोंडाने म्हणायचं?

“ग्रीस आणलं?” मामाजींनी विचारलं.

“आणलं... तुमच्यासाठी.”

“भर.”

“बुवा, मी म्हटलं ना, हात...”

“इथं कोणता पंखा आहे? भर.”

मोरेश्वरने डबा उघडला. बेअरिंग तळहातावर धरलं आणि मारुतीला शेंदूर थापावा तसं ग्रीस थापू लागला. दाबून दाबून. एकही गोळी दिसेनाशी झाली.

मामाजींनी ते घेतलं. चाचपलं. मग अंगठा घालून ग्रीस काढायला लागले. काढायचं आणि खाटेच्या लाकडाला पुसायचं. मग बेअरिंग त्याच्याकडे दिलं.

मोरेश्वरने पुन्हा भरलं.

मामाजींनी पुन्हा काढलं.

“कमी पडंल ना बुवा.”

मामाजींनी बेअरिंगचं कडं बोटाने ढकललं. ते हलकेच फिरलं. फिरत राहिलं.

“आता ह्याच्यात काय आहे?”

“काय आहे... थोडं ग्रीस. बाकी रिकामंच.”

“ते रिकामं आहे म्हणून फिरते.”

मोरेश्वर त्या कड्याकडे बघत राहिला. ते थांबलं तरी बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा बदलला की मी मान खाली घातली.

“म्हणजे ग्रीसनंच तापत होतं?”

मामाजी अंगठ्याचं ग्रीस लाकडाला पुसत राहिले.

“आणि मी अजून घालत होतो... आणि ते पट्टे. ताणलेल्या पट्ट्यांनी त्याले एका अंगाला ओढून धरलं होतं. दिवसरात... म्हणजे मीच मारलं प्रभाकरले.”

नाही म्हणा, मी मनात म्हटलं. मामाजी, खोटं का होईना, नाही म्हणा.

ते म्हणाले नाहीत.

“तुमाले ठाऊक होतं?”

“तुले सांगितलं होतं. पट्टा जरा ढिला कर म्हटलं होतं.”

“आणि मी हसलो होतो.”

“हो.”

“म्हटलं होतं, म्हाताऱ्याला आपल्या मांजराची याद येते.”

“म्हटलं होतं.”

अंगणातून कुणाची तरी शेळी गेली. तिला हाकलायला हवं होतं, तुळशीकडे चालली होती. मी उठले नाही.

“भेवापायी केलं बुवा सारं,” मोरेश्वर म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. “खाली भाऊ होता माझा. पट्टा ओरडला की वाटायचं, आता तुटते. म्हणून ताणला. बेअरिंग गरम लागलं की वाटायचं, आता जळते. म्हणून ग्रीस. भेव जावं म्हणून करत गेलो.”

“गेलं?”

“गेलं ना. पट्ट्याचा आवाज बंद झाला तसं गेलं. निवांत झोप लागायला लागली मले...”

आणि मग तो रडला. भावाला पोचवून आला तेव्हा रडला नव्हता म्हणतात. गुडघ्यांत डोकं घालून, लहान मुलासारखा. मामाजींनी त्याला जवळ घेतलं नाही की पाठीवर हात फिरवला नाही. नुसते बसून राहिले, बेअरिंग मांडीवर सांभाळत. धूळ बसू नये म्हणून त्यांनी त्याच्यावर आपल्या धोतराचा सोगा पसरला होता.

ऊन ओसरीवरून उतरलं.

मोरेश्वरने तोंड पुसलं. मग त्यानेच हात पुढे केला. मामाजींनी बेअरिंग त्याच्या हातात दिलं. त्याने ते कागदात गुंडाळलं, उलगडलं, परत गुंडाळलं.

“पट्टे बोटानं दबतील असे ठेवीन. ग्रीस एवढंच घालीन.”

“हं.”

“मग नाही ना थांबणार?”

मामाजी उत्तर द्यायला इतका वेळ का लावत होते, मला कळेना. एक ‘नाही’ म्हटलं असतं तर तो उठून गेला असता. परवाची पाळी बिनघोर खाली गेली असती. मीही त्या ‘नाही’साठी कान लावून बसले होते.

“थांबंल,” मामाजी म्हणाले. “कवातरी थांबतेच.”

मोरेश्वरच्या हातातला कागद चुरगळला.

“मग मी जाऊ कसा बुवा? खाली माणसं असताना... हे ठाऊक असून... कसा हात लावू?”

मामाजींनी चाचपडत त्याचं मनगट शोधलं. ग्रीसने माखलेल्या हातानेच धरलं.

“मी जिंदगीभर भेत भेतच गेलो त्या पंख्यापाशी. तूही तसाच जा, बापू.”