आईच्या मुठीचं मुठेल

खाडीच्या काठाला, नारळीच्या बागा संपून रातांब्यांची, म्हणजे कोकमांची राई सुरू होते ना, तिथे एक लहानसं कौलारू घर होतं. घरात तीन माणसं. बाबा तरीवर होडी वल्हवून माणसांना खाडीपार न्यायचे. दिगू चार वर्षांचा होता आणि दिवसभर प्रश्न विचारायचा. वच्छी नऊ वर्षांची होती आणि उरलेलं सगळं करायची.

चौथं माणूस आषाढात देवाघरी गेलं होतं. ती वच्छीची आई.

पाऊस गेला. आश्विनाचं पिवळं, तापलेलं ऊन आलं आणि गेलं. दिवाळीच्या पणत्या विझल्या, आणि एका सकाळी खाडीवर दुधासारखं पांढरं धुकं उतरलं. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे मणी लटकले. दयाळ पक्ष्याने शेपटी वर करून नवी शीळ घातली. थंडी आली होती.

थंडी आली तशी आईची आठवण जास्त येऊ लागली. त्याला कारण होतं. दरवर्षी याच दिवसांत आई रातांब्याच्या वाळलेल्या बिया फोडायची, आतला गर उखळात कुटायची, पाण्यात उकळायची. पाणी निवलं की वर पांढरं, घट्ट तेल जमायचं. ते ती मुठीत घेऊन दाबायची आणि मूठ उघडायची. हातात पांढराशुभ्र गोळा! त्यावर चार बोटांच्या चार खाचा आणि अंगठ्याचा एक खळगा. याला म्हणतात मुठेल. मग तिन्हीसांजेला चुलीपुढे बसून आई ते मुठेल विस्तवाजवळ जराशी ऊब देऊन सगळ्यांच्या उललेल्या टाचांना चोळायची. चोळताना हळूच गुणगुणायची.

आईच्या हातचा एकच गोळा आता उरला होता. आईची करंगळी जराशी वाकडी होती. म्हणून त्या गोळ्यावर चार खाचांतली शेवटची खाच चंद्रकोरीसारखी होती, इवलीशी, वाकुडली.

वच्छीने तो गोळा जपला होता. आश्विनाच्या उन्हात तो वितळेल म्हणून केळीच्या पानात गुंडाळून पाण्याच्या माठाखाली ठेवला होता. आता थंडीत तो दगडासारखा घट्ट झाला होता. वच्छी त्याच्या खाचांत स्वतःची बोटं ठेवायची. बोटं लहान पडायची, पण बरं वाटायचं.

वापरायची मात्र नाही. वापरला तर आईची बोटं पुसली जातील ना!

इकडे वच्छीच्या टाचा उलल्या. आधी बारीक रेघा, मग भेगा. ती रोज संध्याकाळी पाणी तापवायची. आधी बाबांचे पाय शेकायची, मग दिगूचे धुवायची. तिची पाळी येईपर्यंत पाणी गार व्हायचं.

"तुझे पाय गो?" बाबा विचारायचे.

"माझ्या पायांना काय झालंय?" वच्छी म्हणायची आणि परकर खाली ओढून घ्यायची.

दिगू मात्र एकदा ओरडला, "बाबा, ताईच्या पायाचा लाल ठसा उमटलाय जमिनीवर! लक्ष्मीचे पाय काढलेत का तिने?"

"गप रे, पोपटा!" वच्छीने पटकन पोतेरं फिरवलं.

पण दुसऱ्या दिवशी तिला तरीवर बाबांची भाकरी घेऊन जाताना मध्ये तीनदा बसावं लागलं. तिसऱ्यांदा बसली तेव्हा तिला भीती वाटली. उद्या उठताच आलं नाही तर? बाबांची भाकरी कोण नेणार? दिगूला कोण सांभाळणार?

पुढच्या सकाळी ती राईत पाचोळा गोळा करायला गेली. आईचा गोळा फडक्यात बांधून तिने कमरेला खोचला होता, नाहीतर दिगू तो खडा समजून खेळायला घ्यायचा. रातांब्यांना बारीक बारीक पिवळसर फुलं आली होती. कोवळं सोनेरी ऊन पानांतून ठिबकत होतं.

तेवढ्यात कुणीतरी हुंदका दिला. अगदी मुंगीएवढा हुंदका.

वच्छीने वाकून पाहिलं. पाचोळ्यात एक बोटभर परी बसली होती! तिचं लुगडं पिकल्या रातांब्यासारखं लालजांभळं होतं. केसांत दवाचे सात मणी चमचमत होते. पाठीवर दोन चिमुकले झिरझिरीत पंख होते, पण उजवा पंख मधोमध उलला होता.

"काय झालं गो बाय?" वच्छीने विचारलं.

"पहाटेचा गारवा बाधला," परी म्हणाली. "उडता येत नाही. जरासं तेल मिळेल का? तिळाएवढं."

वच्छीचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच थांबला. दुसरं तेल घरात नव्हतं. खोबरेल तर दिवाळीच्या अभ्यंगालाच संपलं होतं. तिने फडकं सोडलं. गोळा थंडीने इतका घट्ट झाला होता की नखही लागेना. फक्त टोकाशी, जिथे तो पातळ होता, तिथेच बोटाच्या उबेने थोडा पाघळला असता. पण तिथेच ती चंद्रकोर होती.

वच्छीने एकदा गोळ्याकडे पाहिलं, एकदा उललेल्या पंखाकडे. मग डोळे मिटून टोकावर बोट चोळलं.

पंखाला तेल लागलं आणि भेग मिटली. पंख इंद्रधनुष्यासारखा लखलखला. परी भिरभिरत वर उडाली आणि तीन गिरक्या घेऊन वच्छीच्या गुडघ्यावर येऊन बसली. वच्छी मात्र गोळ्याकडे पाहत होती. चंद्रकोर गेली होती. तिच्या गालावरून एक थेंब ओघळला.

"हे कुणाचं बोट होतं?" परीने हळूच विचारलं.

"आईचं."

परीने त्या गुळगुळीत झालेल्या जागेला हात लावला. मग म्हणाली, "एक इच्छा माग. पण नियम ऐक. इच्छा स्वतःसाठी मागायची. दुसऱ्यासाठी मागितलेलं आम्हाला ऐकूच येत नाही. आणि त्या पानाच्या टोकाला दवाचा थेंब आहे ना, तो पडायच्या आत मागायची."

वच्छी लगेच म्हणाली, "माझ्या बाबांची पाठ दुखायची थांबू दे."

"काय म्हणालीस?" परीने कानाला हात लावला.

"बाबांची पाठ!"

"वारा फार आहे बाई, काही ऐकू येत नाही."

"दिगूला गरम बंडी मिळू दे!"

"काहीच नाही ऐकू आलं."

वच्छीने युक्ती केली. "मला... मला बाबांची पाठ बरी झालेली बघायची आहे."

परी खुदकन हसली. "शहाणीच आहेस! नुसतं 'मला' एवढंच ऐकू आलं. पुढचं सांग."

पानाच्या टोकावर थेंब लांबट झाला, थरथरू लागला. स्वतःसाठी काय मागायचं? वच्छीला काही सुचेना. कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं. आईला तर न सांगताच कळायचं. थेंब आता पडणार, आता पडणार, आणि वच्छीच्या तोंडून कधी नव्हे ते निघालं,

"माझे पाय दुखतात गो! फार दुखतात. आई चोळायची तसे कुणीतरी चोळायला हवेत."

टप्प. थेंब पडला.

"आता कसं लख्ख ऐकू आलं," परी म्हणाली. "मिळेल. रोज तिन्हीसांजेला आईचे हात येतील. पण ते तुझ्याच हातांत येतील. आईच्या मुठेलाने तुझे पाय तूच चोळायचे, ऊन पाण्यात धुऊन, सावकाश. आणि सगळ्यांच्या आधी."

"आधी? आणि आईची बाकीची बोटं? ती पुसली जातील!"

"पुसलेलं बोट कुठे जातं ते मला माहीत आहे," परी म्हणाली. "गोळा संपला की मला हाक मार." आणि ती पिवळ्या फुलांत दिसेनाशी झाली.

त्या संध्याकाळी वच्छीने पाणी तापवलं आणि पहिल्यांदा स्वतःचे पाय त्यात सोडले. किती ऊन, किती छान! तिला लाज वाटली. बाबांकडे बघवेना. पण बाबा म्हणाले, "बस गो निवांत. भाकरी मी थापतो. वेड्यावाकड्या होतील, पण पोटात जाऊन सारख्याच."

"माझी होडीसारखी करा!" दिगू म्हणाला.

वच्छीने गोळा विस्तवापाशी धरला, बोटावर तेल घेतलं आणि टाच चोळू लागली. आधी अंगठ्याने गोल, मग तळव्याने खालून वर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. डोळे मिटले आणि वाटलं, हे आपले हात नव्हेतच. खरखरीत, उबदार, ओळखीचे हात! आणि कुणीतरी हळूच गुणगुणत होतं. वच्छीने डोळे उघडले. ती स्वतःच गुणगुणत होती.

मग तेच उबदार हात तिने दिगूच्या पायांवरून फिरवले, बाबांच्या पाठीवरून फिरवले. बाबा चकित झाले. म्हणाले, "तुझी आई असाच हात फिरवायची."

एकदा दिगू रडायला लागला, "आधी माझे! आधी माझे!" वच्छीला त्याची दया आली. तिने त्याचा पाय मांडीवर घेतला, पण गोळा काही पाघळेना, विस्तवाशी धरूनही दगडच राहिला. तेव्हा तिने हसून स्वतःच्या टाचेला बोट लावलं, आणि गोळा लोण्यासारखा मऊ झाला. "बघ रे पोपटा," ती म्हणाली, "याला रांग कळते."

मार्गशीर्ष गेला. टाचा भरून आल्या, गुलाबी झाल्या. वच्छी तरीपर्यंत एका दमात धावत जाऊ लागली. पण गोळ्यावरचं एकेक बोट पुसलं गेलं. पौषातल्या एका संध्याकाळी अंगठ्याचा खळगाही गेला, आणि हातात काहीच उरलं नाही. वच्छीने रिकामी मूठ मिटली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली.

सकाळी ती राईत गेली. "परी! गोळा संपला. आईची बोटं कुठे गेली सांग!"

पानांमधून आवाज आला, "फडताळात मागे एक मडकं आहे बघ."

होतं खरं. वैशाखात आईने आणि तिने मिळून वाळवलेल्या बिया त्यात होत्या. आई गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. वच्छीने त्या अंगणात आणल्या. बाबांनी फोडल्या, वच्छीने गर कुटला, दिगूने विचारलं, "झालं का?" उकळताना विचारलं, "झालं का?" निवताना बारा वेळा विचारलं.

दुसऱ्या सकाळी मडक्यात पांढरी, जाड साय धरली होती. वच्छीने ती मुठीत घेतली आणि दाबली. मग तिने मूठ उघडली.

पांढराशुभ्र गोळा. त्यावर अंगठ्याचा खळगा. एक खाच, दुसरी, तिसरी. आणि चौथी चंद्रकोरीसारखी, इवलीशी, वाकुडली.

वच्छीने आपली करंगळी पाहिली. ती तर सरळ होती.

"बाबा!" ती एवढंच म्हणू शकली. बाबांनी गोळा हातात घेतला, त्या चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला आणि ते खाडीकडे तोंड करून उभे राहिले.

तुळशीवर परी बसली होती. "आता कितीही वापर," ती म्हणाली. "तुझ्या मुठीतून दर थंडीत आईची बोटं पुन्हा येतील. फक्त तेलाचं पहिलं बोट..."

"माझ्या पायाला," वच्छी म्हणाली.

परी हसली. तिचे पंख उन्हात पसरले, लाल झाले, सोनेरी झाले, मग नुसता उजेड झाले. तो उजेड अंगणभर सांडला, वच्छीच्या गुलाबी टाचांवर क्षणभर थांबला आणि धुक्यात विरून गेला.

"ताई, ती कुठे गेली? परत कधी येणार?" दिगूने विचारायला सुरुवात केली.

"सांगते," वच्छी म्हणाली, "आधी मला पाय धुऊ दे."