पिवळ्या ठिपक्यांचे चार बोल्ट

मोबाइल गावोगाव पोचायच्या आधीची ही गोष्ट. एका घाटाच्या पायथ्याशी एक मिस्त्री राहत होता. हात चांगला, बोलणं कमी. घाट चढणाऱ्या गाड्या त्याच्याकडून तपासून घेतल्याशिवाय सहसा पुढे जात नसत.

त्याची एक रीत होती. बोल्ट पुरता आवळला की त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे काम झालं. पूर्वी हे काम दोघे भाऊ मिळून करत. एक आवळायचा, दुसरा "बसला का?" म्हणून विचारायचा, आणि "बसला" असं उत्तर आल्यावरच ब्रश पुढे करायचा. आठ महिन्यांपूर्वी धाकटा भाऊ वारला. तेव्हापासून पाना आणि ब्रश एकाच्याच हातात आले. विचारणारं कोणी उरलं नाही.

एके दिवशी सकाळी तो एका पिकअपचा गिअरबॉक्स दुरुस्त करून परत बसवत होता. गिअरबॉक्स खालून जॅकवर तोलून धरला होता. त्याचं ओझं पेलणारी लोखंडी आडवी पट्टी चार बोल्टांनी गाडीच्या सांगाड्याला जोडली की काम संपणार होतं. बाहेर अकरा जणांची बँडपार्टी त्याच पिकअपसाठी खोळंबली होती. घाटापलीकडच्या गावात दुपारचं लग्न होतं. बँडमास्तर घडीघडी वाकून गाडीखाली डोकावत होता.

"मिस्त्री," तो एकदा म्हणाला, "आम्ही पोचेपर्यंत नवरा-नवरीला नातवंडं होतील बरं का."

मंडळी हसली. मिस्त्रीच्या हातांना मात्र घाई सुटली. त्याने चारही बोल्ट बोटांनी फिरवून जागेवर लावले. ब्रशला रंग होताच, म्हणून चारही ठिपके आधीच देऊन टाकले आणि मग आवळायला घेतलं. तिसरा होतो न होतो तोच पिकअपच्या मालकाने काहीतरी विचारायला त्याला बाहेर बोलावलं. बोलून तो पुन्हा खाली शिरला, हात सवयीने चालत राहिले. जॅक काढला. गाडी निघून गेली.

रंगाच्या डब्याला झाकण लावताना तो थबकला. चौथा बोल्ट आपण आवळला का?

त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. डोळ्यांपुढे चार पिवळे ठिपके आले, पण ते तर आधीच दिले होते. पट्टी सुटली तर गिअरबॉक्स खाली येणार, आणि तेही घाटात, एका बाजूला दरी असताना.

शेजारच्या पंक्चरवाल्याने त्याला समजावलं की गेलेल्या गाडीच्या मागे लागू नये. मिस्त्रीच आपल्या कामावर शंका घेतोय हे लोकांना कळलं, तर उद्यापासून दारात गाडी थांबायची नाही. मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि त्याचीच मोपेड मागून घेतली. पाना कमरेला खोचला.

पंक्चरवाल्याचं बोलणं मात्र वाटभर त्याच्या कानात राहिलं. म्हणून त्याने एक युक्ती ठरवली. गाडी गाठायची, 'माझा एक पाना खाली अडकून राहिलाय' असं म्हणायचं, गुपचूप चौथा बोल्ट आवळायचा आणि परत फिरायचं. कोणाला काही कळायचं कारण नाही.

मोपेड कण्हत चढत होती. प्रत्येक वळणावर तो आधी रस्ता बघे, मग कठडा, मग कठड्यापलीकडे. एका वळणावर डांबरावर काहीतरी पिवळं दिसलं आणि त्याने ब्रेक दाबला. जवळ जाऊन पाहिलं तर झेंडूचं फूल होतं, गाडीच्या हारातून गळलेलं.

अर्ध्या घाटात, पाण्याच्या टाकीपाशी पिकअप उभी होती. मालक रेडिएटरमध्ये पाणी घालत होता, बँडवाले सावलीत बसले होते. पुढचा चढ सगळ्यांत अवघड होता.

"काय हो मिस्त्री, वरातीत नाचायला आलात काय?" बँडमास्तरने विचारलं.

मिस्त्रीने तोंड उघडलं. पान्याची थाप जिभेवर तयार होती. त्याने त्या अकरा जणांकडे पाहिलं. कोणी ढोलाची दोरी ताणत होतं, कोणी पाणी पीत होतं.

"चौथा बोल्ट आवळला की नाही, मला आठवत नाही," तो म्हणाला. "ठिपके मी आधीच दिले होते. चूक माझी आहे."

मालकाचा चेहरा लालबुंद झाला. पुढे येऊन त्याने मिस्त्रीच्या कमरेचा पाना ओढून घेतला आणि स्वतःच गाडीखाली शिरला. मिस्त्री गुडघे टेकून बाजूला बसला.

"चौथा घट्ट आहे," आतून आवाज आला.

मिस्त्री उठायला लागला. पण मालक बाहेर येईना. ठिपक्यांचा आता भरवसा नाही, तेव्हा चारही बघतो, असं तो म्हणाला. तिसरा घट्ट होता. दुसराही. मग तो पहिल्याकडे वळला.

"मिस्त्री, हा पहिला नुसत्या बोटांनी फिरतोय."

तोच बोल्ट, ज्याची मिस्त्रीला पक्की खात्री होती. तो आवळला तेव्हा ओझं जॅकवर होतं आणि बाकीचे तीन बोल्ट सैल होते. जॅक काढल्यावर ते पट्टीवर आलं, पट्टी जागेवर बसली आणि बोल्ट सैल पडला. जॅक काढला की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे असतात, तेच घाईत राहून गेलं होतं. आणखी दोन-तीन आटे उलटे फिरले असते तर तो गळूनच पडला असता.

चारही बोल्ट नीट आवळून झाल्यावर मालकाने मोपेड मागे ढोलांशेजारी चढवली आणि मिस्त्रीला पुढे बसायला सांगितलं. घाट संपेपर्यंत उतरायचं नाही, असं त्याने बजावलं. मिस्त्री उरलेला सगळा घाट पायाखालच्या आवाजाकडे कान लावून बसला. माथ्यावर पोचल्यावर त्याने पुन्हा खाली शिरून पाहिलं. चारही घट्ट होते.

लग्नघरी पोचेपर्यंत मंगलाष्टकं होऊन गेली होती. वधूपिता फार रागावला. बँडमास्तरने सगळं ऐकून घेतलं. मग तो खाली मान घालून म्हणाला, "उशीर झाला खरा. पण अकराच्या अकरा आलोय."

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: चूक लपवून दुरुस्त करायला गेलं, तर आपल्याला माहीत असते तेवढीच दुरुस्त होते, चारचौघांत कबूल केली, तर माहीत नसलेलीही सापडते.