पुलावरच्या कालव्यातला हत्ती

पूल बांधला, पुलावरून कालवा नेला, कालव्यात पाणी सोडलं आणि पहिली भरलेली होडी यायच्या आतच दवंडी पिटली गेली, "या पाण्यात जो होडी घालील त्याची होडी जाळली जाईल होऽऽ!"

भालगडच्या जगदेव राजानं सात वर्षं खपून हा पूल उभारला होता. खाली कारवी नदीची खोल घळ, तिच्यावर उंच दगडी कमानी आणि कमानींच्या डोक्यावरून वाहणारा कालवा! धान्यानं भरलेल्या होड्या नदीच्या वरून सरळ पलीकडच्या मुलखात जाव्यात, यासाठीच तर सारा खटाटोप. पण दरबारातल्या तीन शास्त्र्यांनी बोटं मोजून निर्णय दिला, "पाण्याचा भार पूल सोसतो. वर होड्यांचा भार पडला की कडाडून मोडणार!" तिघांपैकी एकानंही जन्मात वल्हं धरलं नव्हतं. पण ते विचारतो कोण?

नावाड्यांच्या वाट्याला घळ आली. पोती पाठीवर घ्यायची, कडा उतरायचा, नदी ओलांडायची, पलीकडचा कडा चढायचा. चौथ्याच दिवशी मालू नावाड्याचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. त्याची लेक भिवरा. तिनं बापाला खाटेवर निजवलं, पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, पाण्यात होडी घालायची नाही, तर मग कालवा बांधला कशाला? शास्त्रीबुवांना संध्या करायला?"

थोरले नृसिंहशास्त्री लालबुंद झाले. "होडीला भार असतो, हे तरी कळतं का तुला?"

"कळतं ना! पण होडीचा भार पुलाला लागत नाही, हे तुम्हाला कळत नाही."

शास्त्री खदखदून हसले. "ऐकलंत महाराज? आता नावाड्याची पोर आम्हाला शिकवणार!"

राजाचा स्वभाव मुलखाचा हट्टी. त्याला पोरीचा रागही आला आणि गंमतही वाटली. "असं? मग माझा मैनाक हत्ती उद्या कालव्यातून पलीकडे ने. पण पुलावर गुंजभरही जादा भार पडता कामा नये! पडला, तर तुझ्या बापाची होडी चुलीत जाईल आणि तुम्ही दोघं राज्याबाहेर!"

"हत्ती एकटाच कशाला, महाराज? या तिघांनाही बसवते. तेवढीच त्यांची पाण्याशी तोंडओळख होईल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाच्या तोंडाशी सारं गाव लोटलं. भिवरानं वखारीतला मोठा तराजू आणून टांगला. एका बाजूचं पारडं काढून तिथं दोरीनं घंगाळ बांधलं, ते पाण्यानं काठोकाठ भरलं आणि दुसऱ्या पारड्यात धोंडे टाकून काटा मधोमध आणला. मग एका लाकडी काठवटीत वरवंटा ठेवून ती काठवट अलगद घंगाळात सोडली. भळकन पाणी जमिनीवर सांडलं. काटा हलला, डुलला आणि पुन्हा मधोमध येऊन थांबला!

राजानं खाली वाकून काटा पाहिला. मग दुसऱ्या बाजूनं पाहिला. "अरेच्चा! वरवंट्याचं वजन गेलं कुठं?"

"कुठं जाईल, महाराज? काठवट तरंगली, तेव्हा तिच्या वजनाइतकंच पाणी बाहेर पडलं. आत आलं तेवढंच बाहेर गेलं."

"थांबा!" नृसिंहशास्त्री पुढं सरसावले. "घंगाळातलं पाणी सांडलं, ते आम्ही पाहिलं. पण पुलावरचं पाणी कुठं सांडणार? त्याला तर दोन्हीकडून उंच भिंती आहेत!"

भिवरानं गेरूचा खडा उचलला. पुलाच्या मधल्या कमानीवर पाणी जिथवर चढलं होतं तिथं तिनं आतल्या भिंतीवर तांबडी रेघ ओढली. मग दोन मोठ्या होड्या जोडून, वर जाड फळ्या ठोकून केलेली सांगड पुढं आणली. माहुतानं मैनाकाला वर चढवलं. सांगड हातभर खाली दबली. तिन्ही शास्त्री मात्र एकाएकी दूरच्या झाडाखाली उभे दिसले!

सांगड पुलावर शिरली. खाली घळ आ वासून पसरली होती, पण हातातला बांबू भिवरानं ढळू दिला नाही. ऐन मधल्या कमानीवर तिनं सांगड थांबवली.

"महाराज, रेघ बघा!"

राजा काठाच्या वाटेनं धावत आला. पाणी रेघेला टेकलं होतं. ना बोटभर वर, ना बोटभर खाली! पुलाचा एक चिरासुद्धा करकरला नव्हता.

"भिंती दोन्ही बाजूंना आहेत, पण दोन्ही टोकं तर उघडी आहेत!" भिवरा म्हणाली. "हत्तीच्या वजनाचं पाणी सरकून कालव्यात गेलं. पुलाला हत्ती आल्याचा पत्ताच नाही. बिचारे शास्त्रीबुवा सगळं मोजायला शिकले, फक्त पाण्याकडे बघायचं राहिलं!"

लोक खो खो हसले. पण राजाचा हट्ट अजून सुटेना. "ते राहू दे! मला एकच सांग. एवढा थोरला हत्ती आला, तर पाणी कुरकुर न करता बाजूला झालं कसं?"

भिवरानं झाडाखालच्या तिघांकडे एक नजर टाकली.

"पाणी काही दरबारी नाही, महाराज! आपल्याहून वजनदार कुणी आलं की ते मुकाट जागा सोडतं!"

राजा असा काही हसला की डोईवरचा मंदील घसरला आणि मैनाकानंही दचकून सोंड वर केली. हसता हसताच राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं, राजवैद्याला मालूच्या घरी पिटाळलं आणि तिथंच हुकूम सोडला, "दवंडी रद्द! आजपासून या पुलाची मुखत्यार भिवरा. कालव्यात कोण उतरेल आणि कोण नाही, ते हीच ठरवील!"