फणसाच्या लाकडाची काठवट

एकदा एका बंदराच्या गावात एक वृद्ध भट्टीवाला राहत असे. पाव आणि बिस्किटं तो इतरांसारखीच भाजत असे. पण रवा-नारळाचा केक खावा तर त्याच्याच भट्टीचा, असं सारी पंचक्रोशी मानत असे. हा केक फणसाच्या लाकडाच्या एका जुन्या काठवटीत कालवला जाई. ती काठवट वृद्धाला त्याच्या गुरूनं दिली होती. तिच्यात इतक्या वर्षांचं तूप आणि रवा मुरला होता, की रिकामी असली तरी तिला केकचा वास येई.

या वृद्धाकडे एक शिष्य होता. मेहनती, नम्र, आणि भक्तिभाव जरा जास्तच असलेला. कामाला हात घालण्यापूर्वी तो काठवटीला नमस्कार करी. वृद्ध ते रोज पाही.

एके सकाळी गावातला खोबऱ्याचा व्यापारी आपल्या नातीला, वैजूला, घेऊन आला. पूर्वी दर शनिवारी हे आजोबा-नात भट्टीवर येत आणि केकचा एक तुकडा एका बशीत वाटून खात. अलीकडे मात्र त्यांचं येणं बंद झालं होतं.

"आबा, आमची शनिवारची चैन संपली," व्यापारी म्हणाला. "मला मधुमेह निघाला, साखर सुटली. हिला गहू सोसत नाही. कणभर पोटात गेला तरी रात्रभर तळमळते. आता घरात हिचं ताट वेगळं, माझं वेगळं. आम्हा दोघांना एका बशीत खाता येईल, असा केक होईल का हो तुमच्याकडे?"

वृद्धानं शिष्याकडे पाहिलं. "तू करशील?"

शिष्याला आभाळ ठेंगणं झालं. रोजचं काम आटोपलं की तो या केकच्या मागे लागे. गव्हाऐवजी तांदळाचा रवा घेतला, तर सुरी लावताच केकचा भुगा होई. मग त्यानं तो रवा रात्रभर नारळाच्या दुधात भिजवला, अंडं जास्त घातलं, तेव्हा तुकडा धरून राहू लागला. साखर कमी करताच चव पडली. मग खोबरं मंद आचेवर परतून त्याचाच गोडवा वर आणला, वेलची आणि किंचित मीठ घातलं, साखर नावापुरती ठेवली. अखेर एका शनिवारी मनासारखा केक उतरला. वैजूनं आपला वाटा खाल्ला, बोटं चाटली, आणि आजोबांच्या वाट्यावर डोळा ठेवला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी एकटाच आला. पोरीच्या पोटात रात्रभर कळा येत होत्या. तो रागावला नाही, आणि तेच शिष्याला जास्त लागलं. "तुम्ही मनापासून केलंत, आमचंच नशीब नाही. पण आता पुन्हा नको," एवढंच म्हणून तो निघून गेला.

"आबा, गव्हाचा कणही घातला नव्हता मी," शिष्य रडवेला होऊन म्हणाला.

"कालवलंस कशात?"

"काठवटीत. कढत पाण्यानं घासूनपुसून घेतली होती. आपल्या भट्टीचा केक दुसऱ्या कशात कसा कालवायचा?"

वृद्धानं काठवट उचलली आणि तिच्या तळाच्या एका भेगेतून सुरीचं टोक फिरवलं. टोकावर पांढरा, चिकट रवा आला. तो त्यानं शिष्याला दाखवला. मग तो अंगणात गेला, कुऱ्हाड घेऊन त्यानं गुरूच्या काठवटीचे तुकडे केले आणि ते भट्टीत सारले.

शिष्य थिजून पाहत राहिला. वृद्धानं त्याला भांडी घासायला लावली, ओटा धुवायला लावला, गव्हाची पोती मागच्या खोलीत हलवायला लावली. शिष्यानं सगळं केलं, पण तोंड फुगवून. संध्याकाळी मात्र त्याला राहवेना.

"आबा, एक नवं पातेलं आणलं असतं तरी भागलं असतं. गव्हाच्या केकसाठी काठवट राहिली असती. तुमच्या गुरूंची वस्तू होती ती. जाळायची काय गरज होती?"

वृद्ध ओट्याला टेकून बसला. "बाळ, तुझी चूक निष्काळजीपणाची असती, तर मी ताकीद दिली असती आणि काठवट ठेवली असती. पण तू चुकलास तो भक्तीपोटी, आणि भक्तीला ताकीद पुरत नाही. काही दिवस तू नवं पातेलं वापरलं असतंस. मग एखाद्या सणाला, केक उत्तम व्हावा, भट्टीचं नाव राहावं म्हणून तुझा हात आपसूक काठवटीकडे गेला असता. तुझं सोड, माझाही गेला असता. मला ती तुझ्याहून प्रिय होती." त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत. "गुरूंनी ती मला दिली, चार माणसांना खाऊ घालावं म्हणून. त्या पोरीच्या पोटाला काय ठाऊक, ती कुणाची होती? तू रवा बदललास, साखर बदललीस, बुद्धीनं करायचं ते सगळं केलंस. पण जे आपल्याला पूज्य, तेच दुसऱ्याला बाधेल, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही. माझ्याही मनाला शिवला नाही. केक भट्टीत जाण्यापूर्वी मी तुला विचारायला हवं होतं."

शिष्याचा राग ओसरला. त्यानं नव्या पातेल्यात नवा केक केला आणि शनिवारी स्वतः व्यापाऱ्याच्या दारी जाऊन, झाला प्रकार सांगून दोघांना बोलावून आणलं.

बशी समोर आली, तशी वैजूनं ती आजोबांकडे सरकवली. "आधी तुम्ही खा. तुम्हाला काही झालं नाही, तर मी खाईन."

"अगं, मला गव्हानं कधी काही झालंय का?" व्यापारी हसत म्हणाला.

मग ती शिष्याकडे वळली. "हा तुम्ही केलात?"

"हो. मागचाही मीच केला होता. माझ्यामुळे तुझं पोट दुखलं."

वैजूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तुकड्याचे दोन भाग केले, एक आजोबांच्या हातावर ठेवला आणि दुसरा सावकाश खाल्ला.

"मागचा जास्त चांगला झाला होता," ती शेवटचा घास गिळून म्हणाली.

वृद्ध पोट धरून हसला. शिष्याला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला मुळीच वाईट वाटलं नाही. खरं म्हणजे पोरगी आज रात्री शांत झोपते का, याकडेच त्याचं सारं लक्ष लागलं होतं.

सकाळी व्यापाऱ्याचा निरोप आला. पोरगी रात्रभर गाढ झोपली होती. पुढच्या शनिवारी दोघं येत आहोत, बशी एकच ठेवा, असं त्यानं कळवलं होतं.