कोर्टाच्या पायरीवरचा पिंड

खोताच्या दाव्याचा निकाल आठ दिवसांत लागला. धर्मा तांडेल मात्र आपल्या होडीसाठी नऊ वर्षं तारखा घेत राहिला आणि शेवटी कोर्टाच्या पायरीवरच मरण पावला.

दहाव्या दिवशी त्याची बायको यमुना हिने त्याच पायरीवर पिंड ठेवला. कुंपणभर कावळे जमले, पण एकही ओरडेना, एकही पिंडाला शिवेना. सगळे उघड्या दारातून न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

न्यायाधीश वैतागून बाहेर आले. "पुढच्या महिन्यात निकाल देतो. हे उचल आधी."

कावळे हलले नाहीत.

यमुना म्हणाली, "पुढची तारीख ऐकून जिवंत माणूस घरी जातो, साहेब. ह्यांना आता घर नाही. हे इथेच थांबतील."

न्यायाधीश आत जाऊन खुर्चीत बसले. धर्माच्या कागदांची गाठ सुटली, तेव्हा बाहेर पहिला कावळा पायरीवर उतरला.