गिरकीची कुल्फी घट्ट होईना

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्या आईबाबांनी सांभाळून घ्यावं.

एक होती उंदरी. नाव तिचं गिरकी. कुल्फीच्या गाडीखाली तिचं बीळ. कुल्फीवाल्या शिदूमामानं तिला दिली एक चिमुकली कुल्फी, पत्र्याच्या साच्यातली.

कुल्फी फार गार. जिभेला झोंबली. गिरकीनं साचा नेला शेगडीजवळ. शेगडीनं ऊब आत ढकलली. धाड धाड धाड. कुल्फीचं झालं दूध.

"शेगडीबाई, माझी कुल्फी पुन्हा घट्ट कर."

"मला नुसतं आत ढकलता येतं गं. बाहेर ओढता येत नाही. उबेलाच विचार."

गिरकीनं साच्याला कान लावला.

"ऊबताई, ऊबताई, बाहेर ये. कुल्फी घट्ट होईना."

"मी नाही येत जा. दुधात छान वाटतंय. बर्फ बोलावेल, तर मी येईन."

तुरुतुरु तुरुतुरु गिरकी गेली.

"बर्फदादा, बर्फदादा, उबेला बोलाव. ऊब येईना, कुल्फी घट्ट होईना."

"मी नाही बोलावत जा. माझा गारवा पुरणार नाही. मीठ अंगाला लागेल, तर मी बोलावीन."

तुरुतुरु तुरुतुरु गिरकी गेली.

"मीठभाऊ, मीठभाऊ, बर्फाला लाग. बर्फ बोलावेना, ऊब येईना, कुल्फी घट्ट होईना."

"मी नाही लागत जा. इथं सांडून जाईन. मडकं पोटात घेईल, तर मी लागेन."

तुरुतुरु तुरुतुरु गिरकी गेली.

"मडकेमामा, मडकेमामा, सगळ्यांना पोटात घे. मीठ लागेना, बर्फ बोलावेना, ऊब येईना, कुल्फी घट्ट होईना."

मडकं हसलं. घुम् घुम् घुम्.

"घेतो की. पण तू सारखं झाकण उघडून बघशील."

"एकदाच बघेन."

"मग मी नाही घेत जा."

"अर्धाच डोळा लावीन."

"तोही नाही."

"बरं बाई. बसते शेपटीवर."

गिरकी बसली शेपटीवर. मग मडक्यानं सगळ्यांना पोटात घेतलं. साचाही आत गेला. झाकण बंद. मीठ बर्फाला लागलं. बर्फानं उबेला बोलावलं. ऊब निघाली. हळू... हळू... हळू...

"ऊबताई, आत जाताना तर धावत गेलीस."

"तेव्हा शेगडी ढकलत होती. आता मी माझ्या पायांनी चालतेय."

गिरकीच्या मिशा वळवळल्या. पाय शिवशिवले. पण ती उठली नाही. बसल्या बसल्या झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं म्हणालं, "उघड आता."

कुल्फी घट्ट. टण टण टण. गिरकीनं सगळी खाल्ली. दात वाजले कटकट कटकट. मग ती जाऊन उन्हात पडली. गरम व्हायला तिला मुळीच वेळ लागला नाही.